पुलेशु, पुभाप्र आणि इतर पळवाटा

मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्याच्या पदरात पडणारा सर्वांत मोठा सन्मान तीन अक्षरांचा आहे: पुलेशु. ज्याच्या कानावरून हा शब्द गेलेला नाही, त्याला वाटतं की हे पु. लं.च्या चाहत्यांचं एखादं मंडळ असावं, आणि पु. लं.चं बालपण जोगेश्वरी-पार्ल्यात गेल्यामुळे उपनगरातला माणूस तर वर्गणी किती, हेही विचारून ठेवतो. प्रत्यक्षात ते ‘पुढील लेखनास शुभेच्छा’चं लघुरूप आहे. आता या वाक्याकडे जरा नीट पाहावं. शुभेच्छा पुढील लेखनाला आहेत. समोर जे लेखन पडलं आहे, ज्यासाठी मुलुंडच्या एका निवृत्त गृहस्थाने तीन रात्री जागवल्या आहेत, त्याबद्दल अवाक्षर नाही. ते चांगलं की वाईट, पटलं की नाही, मुळात वाचलं की नाही, यांपैकी कशातही शुभेच्छुक अडकलेला नाही. पुलेशुचं धाकटं भावंड म्हणजे पुभाप्र, ‘पुढील भागाच्या प्रतीक्षेत’. लेखाच्या तळाशी ठळक अक्षरांत ‘समाप्त’ असं छापलं तरी दोघे-तिघे पुभाप्र म्हणून जातात, आणि समाप्तपर्यंत कोण पोचलं नाही ते त्यावरून परस्पर कळतं. अळूवडीच्या कृतीखालीही पुभाप्र दिसतं. अळूवडीचा पुढचा भाग म्हणजे घशाची खाज. तिच्या प्रतीक्षेत कोणी असेल असं वाटत नाही.

इंटरनेटने मराठीत नवी बोली आणली, असं आपण गेली पंचवीस-तीस वर्षं ऐकत आलो. माझं म्हणणं असं आहे की बोलीचं कापड जुनंच आहे, आणि ते आहे भिडेचं. ब्लॉग आणि त्याच्या आसपासच्या लिखाणातली आपली निम्म्याहून जास्त परिभाषा बोलण्यासाठी घडलेलीच नाही, ती बोलणं टाळण्यासाठी घडली आहे. ‘रोमात’ हा शब्द घ्या. रीड ओन्ली मोडमध्ये, म्हणजे फक्त वाचत असणं. माणूस दोन वर्षं रोमात राहतो आणि एके दिवशी ‘इतके दिवस रोमात होतो, आज राहवलं नाही’ असं लिहून प्रकट होतो. पुढे बघावं तर तोही पुलेशु म्हणून परत रोमात. ‘वाखुसाआ’ म्हणजे ‘वाचनखूण साठवली आहे’. लेखकाला वाटतं, आपला लेख कोणीतरी जपून ठेवला. वाचनखूण साठवणारा फक्त एवढंच सांगत असतो की आत्ता वाचणार नाही. ‘मोदक’ हे अनुमोदनाचं खेळकर रूप; ‘+१’ हे त्याहून आटोपशीर. दोन्हींचा अर्थ असा की मत वरच्या माणसाचं आहे, उद्या भांडण झालं तर त्याला धरा. आणि ‘हघ्या’, म्हणजे हलकेच घ्या, किंवा ‘लाइट घ्या’वरून आलेलं ‘दिवे घ्या’, यांचा उपयोग तर सर्वांत नाजूक. आधी माणसाची यथेच्छ टोपी उडवायची आणि शेवटी त्याच्या हातात दिवे ठेवायचे. टोपी गेली तरी दिव्यांमुळे त्याला रागावता येत नाही.

या सगळ्यांत मला खरा मानाचा वाटतो तो ‘टंकाळा’. टंकन आणि कंटाळा यांचा हा संकर इतका बेमालूम आहे की सांधा शोधून सापडत नाही. त्याची कुळकथा यंत्राशी जोडलेली आहे, हे मान्य करायला हवं. रोमन कळफलकावरून मराठी उमटवताना ‘कर्तृत्व’ लिहायला जावं तर ‘कर्त्रुत्व’ उमटतं. ते खोडावं तर आधीचं अक्षरही सोबत जातं. ‘ज्ञ’साठी शिफ्टची कळ दाबून धरलेली असते आणि नेमका कोणता बिंदू कुठे द्यायचा हे आठवेपर्यंत ज्या त्वेषाने लिहायला बसलो तो निवून जातो. बराहा आणि गमभनसारख्या साधनांच्या काळात हा कंटाळा खराच होता. पण आता फोनवर बोललं की देवनागरी आपोआप उमटते, आणि टंकाळा मात्र तसाच आहे. कारण त्याचं काम बोटांशी नव्हतंच. ‘या विषयावर बरंच लिहिता येईल, पण टंकाळा आला आहे’ या वाक्याचा सरळ अर्थ असा: माझ्याकडे मुद्दे आहेत, तुम्ही सपशेल चुकला आहात, पण आज तुम्हाला सोडतो. इतका दिमाखदार पराभव दुसऱ्या कोणत्याही भाषेत पत्करता येत असेल असं वाटत नाही.

ही परिभाषा घडली कुठे, हे पाहिलं की भिडेचा मुद्दा पक्का होतो. ‘वेबलॉग’ हा शब्द जॉर्न बार्जर या अमेरिकन गृहस्थाने १९९७ साली वापरात आणला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ याने गमतीने तो मधूनच तोडला आणि ‘ब्लॉग’ झाला. त्याच वर्षी ‘ब्लॉगर’ची सोय निघाली आणि कोणालाही फुकटात लेखक होता येऊ लागलं. मराठीत मात्र त्याआधीच, १९९६च्या गणेश चतुर्थीला, ‘मायबोली’ सुरू झालेली होती, तीही अमेरिकेतून. मग २००४ मध्ये ‘मनोगत’ आलं, शुद्धलेखन तपासणारं यंत्रही बाळगणारं. २००७ मध्ये ‘मिसळपाव’ आलं, आणि त्याने चर्चेच्या विभागाचं अधिकृत नाव ‘काथ्याकूट’ ठेवलं. स्वतःविषयी इतकं खरं बोलणारी संस्था महाराष्ट्रात विरळा. गटग, विपू (विचारपूस), व्यनि (व्यक्तिगत निरोप), खरडवही, धागा, काश्मीर झालेला म्हणजे न मिटणाऱ्या वादात अडकलेला धागा, पाडलेल्या जिलब्या म्हणजे उगाच काढलेले लेख, हे सगळं या तीन-चार घरांत जन्मलं आणि तिथून स्वतंत्र ब्लॉगांच्या ओसरीवर पसरलं. याच सुमारास शुद्धतेच्या कैवाऱ्यांनी ब्लॉगला ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ अशी दोन सुरेख नावं दिली. दोन्ही नावांत खोट काढायला जागा नाही आणि दोन्ही कोणी वापरत नाही. कारण उघड आहे. अनुदिनी म्हटलं की रोज लिहिण्याची जबाबदारी येते. ‘ब्लॉग आहे माझा’ म्हटलं की २०११ नंतर तिथे काही लिहिलेलं नसलं तरी चालतं.

आता कोणी विचारेल की शब्द जन्मले अमेरिकेतल्या आणि कुठल्या कुठल्या सर्व्हरांवर, मग त्यात आमच्या बोरिवली-घाटकोपरचा संबंध काय? संबंध असा की माणूस न्यू जर्सीला जाताना सामानात भीड घेऊन जातो, आणि तिला विमान कंपनीची वजनाची मर्यादा लागू होत नाही. उपनगर हे भिडेचं माहेर आहे. जिथे भिंतीपलीकडच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे मोजता येतं आणि जिन्यात रोज तीच चार माणसं भेटतात, तिथे खरं बोलून भागत नाही. म्हणून उपनगराने ‘या एकदा घरी’ हे वाक्य घडवलं. त्यात तारीख नसते, वेळ नसते आणि बोलावणंही नसतं. अंधेरीचा माणूस मुलुंडच्या माणसाला ते म्हणतो, मुलुंडचा ‘नक्की, तुम्हीही या’ म्हणतो, आणि मधलं अंतर पाहता वीस वर्षं दोघंही एकमेकांकडे न जाता अत्यंत जवळचे राहतात. पुलेशु म्हणजे तेच आमंत्रण, फक्त लेखी. संबंध ठेवायचे आहेत, पण अंगाला काही लावून घ्यायचं नाही. हे दुष्टपणाचं लक्षण नव्हे. गर्दीत राहणाऱ्यांनी एकमेकांना दिलेली ती सवलत आहे.

या परिभाषेवर पहिला आक्षेप अर्थातच मराठीच्या प्राध्यापकांचा. पुलेशु, पुभाप्र, वाखुसाआ हे शब्द आहेत की उचक्या, असं ते विचारतात, आणि या लोकांनी भाषेची चाळण केली म्हणून हळहळतात. हे प्राध्यापक घरी पत्र लिहीत तेव्हा सुरुवात ‘सा. न. वि. वि.’ अशी करत. साष्टांग नमस्कार विनंती विशेष. त्यात साष्टांग नव्हता, नमस्कार नव्हता आणि पुढच्या मजकुरात बहुधा विनंतीही नसे. गॅस सिलिंडर कधी येणार याची चौकशी असे. लग्नपत्रिकेवरची ‘चि. सौ. कां.’ पूर्ण कशी म्हणायची हे नवऱ्या मुलीला आजही सांगावं लागतं. ती., कृ. सा. न. या सगळ्या टिंबांचं काम एकच होतं, मायना पुरा झाल्याचं समाधान द्यायचं आणि मायना लिहिण्याचा त्रास वाचवायचा. ब्लॉगवाल्यांनी फार तर टिंबं गाळली. तेव्हा चाळण जुनीच आहे आणि ती प्राध्यापकांच्या आजोबांनी केलेली आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. मराठी माणूस इंटरनेटवर भिडस्त असतो असं म्हणणाऱ्याने गोडा मसाला आणि काळा मसाला एकच की वेगळे, या प्रश्नावरची चर्चा पाहिलेली नाही, असं कोणी म्हणेल. तिथे शंभरावर प्रतिसाद होतात, धाग्याचं शतक साजरं होतं, मूळ मसाला जळून कोळसा होतो आणि लोक एकमेकांच्या जिल्ह्यांवर घसरतात. हे खरंच आहे. पण भांडतं कोण, ते बघा. तिथेच आपल्या परिभाषेतला सर्वांत बोलका शब्द भेटतो: डुआयडी, अर्थात डुप्लिकेट आयडी. ज्याला कडाडून भांडायचं आहे तो आधी दुसऱ्या नावाने खातं उघडतो. मूळ नावाने तो त्याच चर्चेत ‘दोन्ही बाजू पटतात’ असं लिहून बसलेला असतो, आणि डुआयडी झोंबणारं काही बोलून गेला की हाच मूळ नावाने येऊन ‘भाषा जरा सौम्य हवी होती’ अशी समज देतो. स्वतःच्या नावाने भांडला तर उद्या गटगला, म्हणजे गेट टुगेदरला, त्याच माणसाशेजारी बसून बटाटेवडा खायचा आहे. भीड नसती तर डुआयडीची गरजच पडली नसती. या शब्दाने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट त्याच्यावर शिक्का बसतो.

इंग्रजीतही हे सगळं आहेच की, असा तिसरा आक्षेप येतो, त्याला फार वेळ देण्याची गरज नाही. ‘लर्कर’ आहे, ‘आयएमएचओ’ म्हणजे ‘माझ्या नम्र मते’ आहे, कबूल. पण लर्कर हे दुसऱ्याने ठेवलेलं नाव आहे, त्यात दबा धरून बसल्याचा वास येतो. आपला वाचक ‘मी रोमात असतो’ हे स्वतःहून, जवळजवळ व्रतस्थासारखं सांगतो. शिवाय इंग्रजीत ‘आरटीएफएम’ आहे: आधी पुस्तिका वाच, असं शिवीसकट बजावणारं. आपल्याकडे तशा अर्थाचं लघुरूप रुजलेलं दिसत नाही. आपण फार तर ‘यावर आधी चर्चा झाली आहे, दुवा शोधून देतो’ असं म्हणतो, आणि मग टंकाळा येतो.

भीड हा या परिभाषेचा प्राण आहे याचा एक पुरावा थोडा वेगळा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये स्फोट झाले. जोगेश्वरी, बोरिवली, खार, सगळी आपलीच स्टेशनं. फोन लागत नव्हते. तेव्हा ‘मुंबई हेल्प’ नावाच्या एका ब्लॉगवर लोक नाव, वस्ती आणि नंबर लिहून विचारत होते, कोणी फोन लावून पाहील का? आणि अनोळखी माणसं फोन लावून बघत होती. तिथली भाषा बहुतेक इंग्रजी होती, पण मुद्दा भाषेचा नाही. त्या प्रश्नांना उत्तर हवं होतं, आणि उत्तर देणाऱ्याला अंग चोरायचं नव्हतं, म्हणून तिथे लघुरूपांच्या आडोशाची गरज नव्हती. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने मोजकी पानं बंद करण्याचा आदेश काढला आणि इंटरनेट कंपन्यांनी हात राखून काम न करता अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. ज्या सोयीने माणसं शोधली तीच आठवडाभरात दिसेनाशी झाली. आदेश देणाऱ्यांना आणि पाळणाऱ्यांना भीड वाटल्याचं ऐकिवात नाही.

आता सर्वांत ताजा आक्षेप. ब्लॉग संपले, रील आली, आणि आजच्या पोरांना भीड कसली, असं वडीलधारे म्हणतात. लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करा, घंटी दाबा, हे सरळ मागणंच आहे. यात पुलेशुचा संकोच कुठे? हे तपासायला घाटकोपर-वर्सोवा मेट्रो फार सोयीची आहे. ८ जून २०१४ पासून धावणारी ही सुमारे साडेअकरा किलोमीटरांची मार्गिका एका टोकाला खाऊ गल्लीपाशी उभी आहे आणि दुसऱ्या टोकाला अंधेरी-वर्सोव्यात, जिथे प्रत्येक मजल्यावर एक तरी क्रिएटर राहतो. घाटकोपरच्या तव्यावर जिनी डोसा पडतो. कोबी, सिमला मिरची, सॉस, लोण्याची वडी, वर किसलेल्या चीजचा ढीग. उलथन्याने सगळं तव्यावरच ठेचून, पसरून डोशाची गुंडाळी होते, तिचे तुकडे उभे मांडले जातात. क्रिएटर एक तुकडा उचलून चीजची तार ओढतो. तार मध्येच तुटते. पुन्हा. तारेला हवी तशी लांबी येते तोवर डोसा गार आणि डोसेवाला गरम झालेला असतो. मग तो थंडगार घास तोंडात जातो, डोळे मिटतात, आणि ‘गाइज, एकच नंबर’ असं ऐकू येतं.

या मंडळींची परिभाषा कानावर घ्या. डोसा फुकट मिळाला असेल तर त्याला ‘बार्टर’ म्हणतात. पैसेही मिळाले असतील तर ‘कोलॅब’. रील कोणी पाहिली नाही तर ‘रीच पडली’. लोकांना आवडत नाही असं लागोपाठ दिसू लागलं की ‘शॅडोबॅन’ झालेला असतो. आणि काही सुचेनासं झालं की ‘मेंटल हेल्थसाठी छोटा ब्रेक’. पाचही शब्द एकाच कामाचे: जे झालं ते त्याच्या नावाने न म्हणणं. मागताना भीड नाही, कबूल. पण काय मिळालं ते सांगताना भीड पुलेशुवाल्यांहून जास्त आहे. ती इतकी जास्त झाली की त्यासाठी नियम करावे लागले. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये सांगितलं की पैसे, वस्तू किंवा कसलाही लाभ घेऊन केलेल्या रीलवर तसं स्पष्ट लिहा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेच आपल्या मार्गदर्शक सूचनांत मांडलं, आणि ग्राहक कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गंमत अशी की मान्य शब्दांच्या यादीत ‘जाहिरात’च्या जोडीला ‘कोलॅबोरेशन’ही आहे. सरकारलासुद्धा थोडी भीड आहे. आता अख्खी यादी उघडी असताना अंधेरीतला क्रिएटर ‘जाहिरात’ निवडील की ‘कोलॅब’, यावर पैज लावायला कोणी तयार होणार नाही.

तेव्हा जुनी पिढी पुलेशु म्हणत होती आणि नवी कोलॅब म्हणते, यात घसरण शोधणाऱ्यांनी दम धरावा. एका पिढीने मत लपवलं, दुसरी पावती लपवते. माझ्या मते पहिली बरी, कारण न वाचलेल्या लेखाला दिलेल्या शुभेच्छांनी लेखकाची फार तर निराशा होते. फुकटच्या डोशाला दिलेल्या शाबासकीवर विसंबून बोरिवलीचं चौघांचं कुटुंब रविवारी घाटकोपरपर्यंत तंगड्या तोडत जातं.

राहता राहिली कोशकारांना एक विनंती. भाषा संचालनालयाने १९६२ साली पदनाम कोश काढून साहेबांच्या खुर्च्यांना मराठी नावं दिली, ती आपण निमूट वापरतो. तसाच कधी इंटरनेटवरच्या मराठीचा कोश निघाला तर अनुदिनी आणि जालनिशी यांना सन्मानाने तळटीपेत बसवावं आणि ‘टंकाळा’ या शब्दाला पूर्ण नोंद द्यावी. नाम, पुल्लिंगी. अर्थ देताना ‘टंकन करण्याचा कंटाळा’ एवढ्यावर थांबू नये. ‘मत असूनही ते न देण्याचं सभ्य कारण’ हा दुसरा अर्थ जरूर द्यावा आणि तो आधी छापावा, कारण लोक तो शब्द त्याच अर्थाने वापरतात.